पहिली मंडळी आणि सारूबाईचं दार

मामा, तुमच्या कबरीवर आम्ही मेणबत्ती लावली नाही.

छावणीच्या कबरस्तानात माती देऊन झाल्यावर एक-दोघांनी माझ्याकडं बघितलं. पिशवीत मेणबत्त्या होत्या, कुणीतरी आठवणीनं आणल्या होत्या. तुम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं जवळची म्हणून सगळे भाचीलाच विचारत होते. मी मान हलवून नको म्हटलं. "शांतवनमामांना चालायचं नाही," एवढंच सांगितलं. ते सगळ्यांनाच माहीत होतं. तुम्ही चाळीस वर्षं ह्याच कबरस्तानात लोकांना "हे शास्त्रात कुठं हाय, दाखवा," म्हणून अडवलं होतं. तुमच्या स्वतःच्या मातीवर तरी तुम्हाला हरवायचं माझ्या मनाला येईना.

मेलेल्यांशी बोलायचं नाही हीसुद्धा तुमचीच शिकवण. तरी मी बोलते आहे. त्याचं कारण पुढं सांगते, आणि ते कारण तुम्हीच आहात.

तरुण संघाच्या वर्गात तुम्ही आम्हाला धर्मसुधारणा शिकवायचात, तेव्हा मी नुकती कॉलेजात जायला लागले होते. एस.टी.च्या वर्कशॉपमधून सुट्टी झाली की हाताला ग्रीसचा वास असायचा, तसेच यायचात. युरोपातले राजे, पोप, सनावळ्या ह्यांत तुम्हाला रस नव्हता. तुम्ही म्हणायचात, "गाडी आली की पहिल्यांदा काय करायचं? मूळ ड्रॉइंग काढायचं. मधल्या मेकॅनिकांनी कुठं तार बांधलीय, कुठं पत्रा ठोकलाय, ते सगळं काढून टाकायचं. सुधारणा म्हंजे हेच. नवं काय करणं नाय, मूळावर येणं." आम्ही हसायचो. पण गणिताची शिक्षिका होऊन वर्गासमोर उभी राहिल्यावर कळलं, की मुलांच्या हातातल्या वस्तूवरून शिकवणं किती अवघड असतं.

ड्रॉइंग म्हणजे शास्त्र, आपलं बायबल. त्यापुढं तुम्हाला काही लागत नव्हतं. नव्या घराच्या उंबऱ्यावर नारळ फोडणाऱ्यांना तुम्ही थांबवलंत. मेलेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण बंद केलंत. लोक घाबरायचे तुम्हाला. रत्नामामी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणायची, "तुझे मामा स्वर्गात गेले तरी दारावरच इचारतील, हे फाटक शास्त्रात हाय का म्हनून."

पण ह्या सगळ्याच्या मुळाशी काय होतं, ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत. दौलताबादच्या पुढच्या आपल्या गावात तुमच्या आजोबांना पाणी वरून, लांबून ओतलं जायचं. मिशनच्या माणसांनी पहिल्यांदा त्यांना सतरंजीवर बसवलं आणि एका ताटातली भाकर मोडून सगळ्यांच्या हातात दिली. आजोबा त्या भाकरीसाठी ख्रिस्ती मंडळीत आले. "शास्त्र नंतर कळलं त्यांना," तुम्ही म्हणालात. "आधी ताट कळलं." म्हणून चर्चमध्ये भाकर मोडून वाटतात त्या प्रभुभोजनाच्या मेजावर कुणी आपल्या मनचं काही ठेवायला गेलं की तुमचा आवाज चढायचा. ते मेज तुमच्या लेखी आजोबांचं होतं.

आपलं भांडण सुरू झालं ते सारूबाईमुळं.

सारूबाई म्हणजे आपल्या चर्चच्या मंडळीतली जुनी विधवा. दौलताबादचे पेरू आणि सीताफळं आणून शहागंजात टोपलीवर विकायची. रविवारी मात्र टोपली बंद आणि पांढरं लुगडं नेसून पहिल्या बाकावर. तिला छातीचा कॅन्सर झाला. दवाखान्यानं घरी पाठवलं. जखम उघडी पडली होती, तिला वास यायचा, अंगावर कपडा सहन व्हायचा नाही. पदमपुऱ्यात मुलाच्या घरामागं एक खोली होती, तिथं ती पडून होती. मी शाळेतून येता-जाता पट्टी बदलायला जायचे.

एक दिवस ती म्हणाली, "शालू, मला प्रभूची भाकर पायजे."

"पाळकसाहेबांना सांगते. पंचांपैकी कुणाला घेऊन येतील."

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "बाप्ये मानसं नको. ह्या असल्या अंगाला मानसांनी नको बघायला. तू आन."

मला कुठं तो अधिकार होता? भाकर आणि द्राक्षरस वाढायचं काम चार पुरुष सेवकांचं. आजाऱ्याकडं न्यायची तर पाळक आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक, फार तर पंच एकटा. बाई कधीच नाही. मी तिला "बघते" म्हटलं आणि सरळ तुमच्याकडं आले, तुम्ही पंच होतात.

तुम्ही अंगणात स्कूटर उघडून बसला होतात. मी सगळं सांगितलं. तुम्ही पान्हा खाली न ठेवता म्हणालात, "कापड टाका अंगावर. पाळकसाहेब डोळे मिटून भाकर देतील."

"मामा, कापड सहन होत नाही तिला."

"मग पडदा लावा."

"आणि भाकर पडद्यातून फेकायची का? आजोबांना पाणी द्यायचे तशी?"

तुमचा हात थांबला. ते बोलणं तुम्हाला लागलं, हे मला दिसलं. पण तुम्ही वाद सोडणारे नव्हतात.

त्या काळात मी धर्मशिक्षणाचा टपाली अभ्यासक्रम करत होते. येशूनंतरच्या सुरुवातीच्या शतकांत पूर्वेकडच्या मंडळ्यांत आजारी बायकांच्या घरी सेविका जायच्या, कारण पुरुष गेला तर घरात बोलणं व्हायचं. भाकर तर न आलेल्यांच्या घरी पोचवायचेच. एका रोमी अधिकाऱ्यानं तर ख्रिस्ती लोकांची माहिती काढायला दोन सेविकांनाच धरून छळलं होतं. मी हे सगळं तुमच्यापुढं मांडलं. शेवटी म्हणाले, "छळ सोसायला त्या सेविका होत्या, आणि भाकर वाढायला नाहीत?"

"हे शास्त्रात नाय. नंतरचं हाय."

"पण पहिल्या मंडळीचं आहे! तुम्हीच म्हणता ना, मूळावर या?"

"मूळ म्हंजे ड्रॉइंग, शालू. पहिली मंडळी म्हंजे पहिला मेकॅनिक. त्याचं काम बघायचं, मान द्यायचा. पण त्यानं बी चुका केल्या असतील. जुनं हाय म्हनून खरं हाय, असं म्हनलं की झालं, उद्या मेणबत्त्या बी जुन्याच निघतील."

"त्या पहिल्या मेकॅनिकनं गाडी बनवणाऱ्याला बघितलं होतं, मामा."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रत्नामामी दारात चहा घेऊन उभी होती, ती म्हणाली, "आता द्या उत्तर." तुम्ही चहाचा कप घेतलात. "बशी कुठंय?" म्हणालात.

मला वाटलं, विषय संपला. पण पुढच्याच आठवड्यात तुम्ही कुणाला न सांगता एस.टी.नं नगरला गेलात. तिथं एक म्हातारे निवृत्त धर्मशिक्षक राहायचे, त्यांना ग्रीक येत होतं. तुम्ही त्यांना एवढंच विचारलंत, की शास्त्रात एका बाईला मंडळीची सेविका म्हटलंय, तिथं मूळ शब्द कोणता आणि पुरुष सेवकांना कोणता. संध्याकाळी परत आलात ते स्टँडवरून थेट माझ्या घरी. पायरीवर बसून पाणी प्यायलात आणि म्हणालात, "शब्द एकच हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे तू म्हनत होतीस ते ड्रॉइंगातच हाय. मला दिसलं नव्हतं. आपल्या भाषेत आणताना तिला सेविका केलं आन् आपण झाडू-पोछावाली समजलाव."

तुमच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. एखादा सुटा पार्ट दुसऱ्याच गाडीचा निघावा तसे तुम्ही वैतागलेले होतात. तुम्हाला हे मनातून पटलं होतं, की फक्त शास्त्रापुढं तुम्ही वाकलात, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढंही कधी कळलं नाही.

रविवारी उपासनेनंतर पंचांची बैठक झाली. मी बाहेर चिंचेखाली होते, पण खिडकी उघडी होती. तुम्ही सरळ मांडलंत. सगळ्यात आधी उठले ते प्रभाकरमामा, तुमचे सख्खे धाकटे भाऊ.

"दादा, आज भाकर. उद्या बाया मेजामागं उभ्या राहतील. परवा बाई पाळक. मग कुठं थांबायचं?"

"परवाचं परवा बघू," तुम्ही म्हणालात. "सारूबाईकडं परवा नाय."

हात वर करायला सांगितलं. तुमच्या बाजूनं तुमचा एकट्याचाच. पाळकसाहेब बिचारे भले, पण नवीन होते, त्यांना वरच्या कार्यालयाची भीती. ते म्हणाले, "लिहून विचारतो." तुम्ही उभे राहिलात आणि शांतपणे विचारलंत, "पाळकसाहेब, उपकारस्तुती करून मोडलेली भाकर पंचानं आजाऱ्याकडं न्यायची, ह्याला आपल्यात परवानगी हाय ना?"

"आहे."

"मग माझ्याकडं द्या. मी पंच हाय."

पाळकसाहेबांनी दिली. स्टीलच्या डबीत चार तुकडे आणि बाटलीत रत्नामामीनं केलेला रस. तो रस मामीच करायची, वर्षानुवर्षं. शहागंजातून काळे मनुके आणायचे, रात्रभर भिजवून उकळायचे. तिथला दुकानदार तिला ओळखायचा. "चर्च के वास्ते ना खाला? ये मत लो, ये खट्टे हैं," म्हणून आतल्या पोत्यातले काढून द्यायचा.

स्कूटरवर मला मागं बसवून तुम्ही पदमपुऱ्याला नेलंत. सारूबाईच्या खोलीच्या दाराशी डबी आणि बाटली माझ्या हातात दिलीत आणि उन्हात गल्लीकडं तोंड करून उभे राहिलात.

मी आत गेले. दार तसंच उघडं ठेवलं. सारूबाईनं विचारलं, "भाईर कोन हाय?"

"शांतवनमामा."

"मग म्हना की. ऐकू येऊ द्या."

तुम्ही प्रभुभोजनाची वचनं म्हणायला सुरुवात केलीत. तिला ऐकू जाईना. "मोठ्यानं," ती म्हणाली. तुम्ही आवाज चढवलात. समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या, एक सायकलवाला थांबला. त्या अरुंद गल्लीत, ज्यांचा आपल्या मेजाशी काही संबंध नाही अशा लोकांपुढं, तुम्ही पाठ वळवून सगळं मोठ्यानं म्हणालात, एकही शब्द गाळला नाहीत. मी तुकडा रसात भिजवून मऊ केला आणि तिच्या जिभेवर ठेवला. तिला गिळायला वेळ लागला. मग तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "लई दिवस झाले व्हते माय."

परत येताना तुम्ही स्कूटर चालवतच विचारलंत, "गिळलं का तिनं?"

"हो."

"मग बास."

पुढच्या रविवारच्या आत सारूबाई गेली.

मंडळीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. तक्रार केली प्रभाकरमामांनी. पंचांनी तुम्हाला माफी मागायला सांगितली. तुम्ही उभे राहून म्हणालात, "न सांगता केलं त्याची माफी मागतो. केलं त्याची नाय." मग तुम्हाला पंचांतून काढलं. त्या दिवसापासून तुम्ही शेवटच्या बाकावर बसू लागलात, पंख्याखाली. रत्नामामी तुमच्याबरोबर मागं आली. बाक बदलल्याचं तिला काही नव्हतं. तिला दुखलं ते दुसरंच. नाताळात प्रभाकरमामांच्या घरून करंज्यांचा डबा आला नाही, आणि आपला गेला तो दारातूनच परत आला. दोन भाऊ, एकाच गल्लीत, एका आईचे. उपासनेत एकच गीत म्हणायचे आणि फाटकापाशी दोन दिशांना जायचे. तुम्ही म्हणायचात, "त्याचं चूक नाय. त्याला भीती वाटती. भिणाऱ्याला शास्त्र दाखवून भीती जात नसती." पण तुम्ही त्यांच्या दारी गेला नाहीत आणि ते तुमच्या.

काही वर्षांनी वरून परवानगी आली. गाजावाजा झाला नाही. पाळकसाहेबांनी सूचनांमध्ये, वर्गणी आणि रक्तदान शिबिराच्या मधे, वाचून दाखवलं, की यापुढं स्त्रियाही सेवक म्हणून निवडल्या जातील. मला निवडलं. पहिल्यांदा ताट घेऊन मी शेवटच्या बाकापर्यंत आले. तुम्ही तुकडा उचललात, डोळे मिटलेत आणि खाल्लात. माझ्याकडं बघितलं नाहीत. मी कित्येक वर्षं वाट बघितली, की तुम्ही कधीतरी म्हणाल, बरं झालं शालू. तुम्ही म्हणाला नाहीत.

मग रत्नामामी गेली. त्यानंतरच्या प्रभुभोजनाच्या आधी मी तुमच्याकडं आले आणि म्हटलं, मेजापुढच्या प्रार्थनेत मामीचं नाव घेऊ द्या. पहिल्या मंडळीतले लोक मेजावर आपल्या मेलेल्यांची नावं घ्यायचे. ज्या बाईनं एवढी वर्षं त्या मेजाचा रस केला, तिचं नाव एकदा घेतलं तर काय बिघडेल?

"सारूबाईचं ड्रॉइंगात सापडलं," तुम्ही म्हणालात. "हे नाय सापडत. मी शोधलं."

"शोधलंत?"

"व्हय. ती गेल्या गेल्या शोधलं."

मला तिथंच थांबायला हवं होतं, पण मी बोलतच राहिले. नाव घेतल्यानं तिला काही होणार नाही हे मलाही कळतं, पण आपल्याला होईल, वगैरे. तुम्ही ऐकून घेतलंत. "आपल्याला व्हनार असंल तर आपण घ्यावं," म्हणालात. "घरी घे. रस्त्यानं चालताना घे. मेज आपल्यासाठी मांडलेलं नाय, आपण तिथं पाव्हणे हावोत. पाव्हण्यानं ताटात आपलं काय आणून ठेवायचं नसतं." मी रागानं निघून आले. हा वाद आपण परत काढला नाही, पण तो मिटलाही नाही. माझं अजूनही तेच मत आहे. तुम्हाला तिकडं काही वेगळं कळलं असेल तर मला कळायचा मार्ग नाही.

पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. त्यानंतर महिनाभरानं एका दुपारी मी तुमच्यासाठी भाजी घेऊन आले होते. दार लोटलेलं होतं. आत तुम्ही स्वयंपाक करत होतात, फोडणीचा आवाज येत होता. आणि तुम्ही बोलत होतात. "रत्ना, हिंगाची डबी कुठं ठिवलीस? सापडंना बघ." मग थोडं थांबून, जसं उत्तर ऐकावं तसं, "तिथं नाय म्हनलं ना." मी दारातच उभी राहिले. भाजी पायरीवर ठेवली आणि परत गेले. संध्याकाळी तुम्ही फोन करून विचारलंत, भाजी कुणी ठेवली? मी म्हटलं, मीच, घाईत होते. त्या दिवसापासून मला तुमच्या शास्त्राचा राग आला नाही. तुम्ही मेजावर नाव घेतलं नाहीत, आणि घरात घेणं थांबवलं नाहीत. जे मला सांगितलंत ते तुम्ही स्वतः करत होतात. म्हणून आज मीही बोलते आहे, घरी बसून, मेजापासून लांब. ह्यात तुमचा नियम मोडत नाही असं मी धरून चालते.

शेवटच्या दिवसांत तुमच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. दोन उशा लावून बसवलं तरच श्वास यायचा. तुम्ही भाकर मागितलीत. उपासना आटोपून पाळकसाहेब आणि मी निघालो. ताट माझ्या हातात होतं, वर पांढरा रुमाल. फाटकापाशी प्रभाकरमामा उभे होते. ते अजून पंच आहेत, आजाऱ्याकडं जाताना एक पंच लागतो. "मी येतो," ते म्हणाले. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी बाजूला सरकून त्यांना वाट दिली.

तुमच्या खोलीत आम्ही तिघं आलो. इतक्या वर्षांनी प्रभाकरमामा तुमच्या घरात पाऊल टाकत होते. त्यांनी चपला काढल्या आणि कुठं उभं राहावं ते न कळून कपाटाशी उभे राहिले. तुम्ही त्यांच्याकडं बघितलंत, मग माझ्याकडं. वचनं म्हणून झाली. पाळकसाहेबांनी भाकर मोडली. मी ताट घेऊन पलंगापाशी आले, तर तुम्ही हात वर करून मला थांबवलंत.

"तू नको."

माझ्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं. इतकं सगळं होऊन, शेवटी हे? पाळकसाहेब पुढं झाले. तुम्ही त्यांनाही मानेनं नको म्हटलंत. श्वास जमवायला तुम्हाला वेळ लागला.

"ताट प्रभाकरकडं दे. तू हितं बस माझ्यापाशी." मी बसले नाही, तेव्हा थोडं रागावूनच म्हणालात, "आगं, वाढणारी सारखी वाढतच राहिली तर जेवनार कवा?"

मी पलंगावर तुमच्या शेजारी बसले. प्रभाकरमामांनी ताट घेतलं. त्यांनी आधी तुमच्यापुढं धरलं. तुम्ही तुकडा उचललात. मग ते माझ्याकडं वळले, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "घे माय."

मी घेतला. तुमचा तुकडा तोंडात तसाच होता, तुम्ही सावकाश चावत होतात. मग प्रभाकरमामांनी ताटातला एक तुकडा स्वतःसाठी घेतला, ताट खाली फरशीवर ठेवलं, आणि तुमच्या पायाशी पलंगावर बसून खायला लागले.